प्लगिनच्या पोटात गुपित राहत नाही

सोलापुरात चादर-टॉवेलच्या पेढ्यांना ऑनलाइन दुकान आणि टॅली जोडून देणाऱ्यांचा धंदा आता चांगला बसला आहे. बसायलाच हवा. रात्री अकराला नाशिकहून कुणीतरी दोन डबल चादरी आणि सहा टॉवेल मागवतं. सकाळी दिवाणजी ती ऑर्डर वेबसाइटवर बघून टॅलीत हातानं चढवतात, मग स्टॉक कमी करायला पुन्हा वेबसाइटवर जातात, आणि दिवाळीच्या तोंडावर या फेऱ्यांत एखादी ऑर्डर हमखास गळते. हिशेबाच्या पीसीवर एक छोटं प्लगिन बसवलं की ऑर्डर आपोआप व्हाउचर होऊन येते आणि शिल्लक माल आपोआप वेबसाइटवर दिसतो. त्यासाठी चार पैसे मोजायला पूर्व भागातला कारखानदारही तयार असतो आणि चाटी गल्लीतला व्यापारीही.

माझं भांडण या धंद्याशी नाही. प्लगिननं दुकानाच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमसाठीच्या दाराला, आपली ओळख कशी पटवायची, या प्रश्नाला जोडून देणारे जे उत्तर देतात, त्याच्याशी आहे. ते उत्तर मी इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे ऐकलं आहे, की आता ते जाहीरपणे खोडून काढावंसं वाटतं. त्यांच्यावर अन्याय नको म्हणून त्यांचं म्हणणं त्यांच्याच भाषेत मांडतो. “एपीआयची किल्ली प्लगिनमध्येच टाकलेली बरी. आम्ही ती एन्क्रिप्ट करतो. नेटवरून जाताना एचटीटीपीएस असतंच. ओऑथ-बिओऑथ ही मोठ्या कंपन्यांची नाटकं, आपल्या मालकांना झेपत नाहीत. आणि अण्णा, चोरून चोरणार काय, चादरीची ऑर्डर? सोलापुरात कोण हॅकर बसलाय?”

मालकांना न झेपण्याच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे, तिच्याकडे सावकाश येऊ. बाकी सगळं आधी निकालात काढता येतं.

‘किल्ली प्लगिनमध्येच’ म्हणजे नेमकं काय ते बघा. दुकान वूकॉमर्सवर असेल तर किल्ल्यांची जोडी त्या दुकानाची स्वतःची असते. ॲमेझॉनवर माल विकणाऱ्यांसाठी प्लगिन बनवायचं तर बनवणाऱ्याला स्वतःच्या नावानं नोंदणी करावी लागते आणि त्याला एक क्लायंट सिक्रेट मिळतं. त्याच्या ॲपच्या सगळ्या गिऱ्हाइकांसाठी ते एकच असतं. प्रत्येक विक्रेता परवानगी देतो तेव्हा त्याचं स्वतंत्र रिफ्रेश टोकन तयार होतं. सिक्रेट आणि रिफ्रेश टोकन एकत्र आलं की तासाभरासाठी चालणारं ॲक्सेस टोकन मिळतं आणि दार उघडतं. एकटी कुठलीही वस्तू चोराच्या कामाची राहू नये, म्हणून त्या दोन ठेवल्या आहेत. आपल्याकडच्या प्लगिनमध्ये सिक्रेट एक्झी फाइलीत असतं आणि टोकन तिच्याच शेजारी सेटिंगच्या फाइलीत. फोल्डर ज्याच्या हाती, त्याच्या हाती दोन्ही.

“पण ते एन्क्रिप्टेड आहे.” बरं, मग बघू. अशी बरीचशी प्लगिन डॉटनेटमध्ये लिहिलेली असतात. आयएलस्पाय नावाचं फुकट मिळणारं साधन घ्या आणि त्यात प्लगिनची एक्झी किंवा डीएलएल ओढून टाका. डावीकडे क्लासची यादी उघडते, उजवीकडे सी-शार्पचा कोड, जवळजवळ लिहिणाऱ्यानं लिहिला तसाच. त्यात ‘डिक्रिप्ट’ हा शब्द शोधा. फंक्शन सापडतं, आणि त्या फंक्शनच्या पहिल्या-दुसऱ्या ओळीत एईएसची किल्ली एका साध्या स्ट्रिंगमध्ये बसलेली असते, बहुधा कंपनीचं नाव आणि पुढे 123. कुलूप लावलं आणि किल्ली कडीलाच अडकवली. ऑब्फस्केटर चालवलेला असेल तर फंक्शनची नावं एकेका अक्षराची होतात आणि शोधणाऱ्याचा वेळ चहाऐवजी जेवणापर्यंत लांबतो, एवढाच फरक.

एवढेही कष्ट घ्यायचे नसतील तर फिडलरसारखा प्रॉक्सी त्याच पीसीवर बसवा, त्याचं सर्टिफिकेट विंडोजमध्ये विश्वासू म्हणून नोंदवा आणि प्लगिनला एकदा ऑर्डरी ओढू द्या. एचटीटीपीएसच्या आतली प्रत्येक विनंती पडद्यावर येते, ऑथरायझेशनच्या हेडरसकट. एचटीटीपीएस वाटेवरच्या चोरापासून वाचवतं. घरात बसून, स्वतःच्या पीसीवर, सवडीनं बघणाऱ्यापासून ते वाचवत नाही, तसा त्याचा दावाही नाही.

यात प्रोग्रामरच्या कसबाचा प्रश्नच नाही. पीसी ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यापासून त्या पीसीवर चालणारा प्रोग्रॅम काही लपवू शकत नाही, कारण वापरायच्या क्षणी गुपित उघडावंच लागतं. यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली, हे ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी संकेतलेखनाबद्दल 1883 मध्ये लिहून ठेवलं. आमचे प्लगिनवाले किल्लीच रचनेत कालवून शहरभर वाटतात.

आणि हा धडा सोलापूरनं पहिल्यांदा गिरवायचा आहे असंही नाही. 31 ऑगस्ट 2010 ला ट्विटरनं युजरनेम-पासवर्ड देऊन एपीआय वापरायची जुनी पद्धत बंद केली आणि सगळ्यांना ओऑथ (पासवर्डाऐवजी परवानगीचं टोकन) सक्तीचं केलं. त्या वेळच्या पद्धतीत प्रत्येक ॲपला एक गुप्त किल्ली होती, लोकांच्या पीसीवर आणि फोनवर चालणाऱ्या ॲपलासुद्धा. 2013 मध्ये खुद्द ट्विटरच्या अधिकृत ॲपच्या किल्ल्या गिटहबवर सगळ्या जगासमोर पडल्या. ज्या कंपनीनं नियम केला तिलाच तो पाळता येईना, कारण तो पाळण्याजोगा नव्हता. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफनं ऑक्टोबर 2017 मध्ये आरएफसी 8252 काढलं. त्यात हे साफ लिहिलं आहे, की अनेकांना वाटलेल्या ॲपमध्ये भरलेलं सिक्रेट गुप्त धरू नये. कोडमध्ये सिक्रेट लिहून ठेवायला ॲमेझॉनच्या डेटा संरक्षण धोरणात तर सरळ मनाईच आहे. उद्या त्या कारणानं प्लगिनवाल्याची नोंदणी रद्द झाली, तर त्याच्या ॲपवर चालणारे सगळे विक्रेते एकाच दिवशी बंद पडतील, आणि त्यांच्यातल्या एकाचीही काही चूक नसेल.

समजा नोंदणी रद्द झाली नाही, नुसतं सिक्रेट फुटल्याचं कळलं. मग सिक्रेट बदलायचं. पण ते एक्झीत आहे, म्हणजे प्रत्येक पेढीच्या प्रत्येक पीसीवर नवी एक्झी जायला हवी. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा पीसीपीसीवर एनीडेस्कनं जाऊन दुरुस्त्या करताना किती दिवस गेले, ते जोडून देणाऱ्यांनीच आठवावं. दरबदलाची तारीख निदान आधी जाहीर झाली होती. चोर तारीख देऊन येत नाही.

आता ती शेजारची सेटिंगची फाइल. ही मला एक्झीपेक्षाही जास्त भिववते, कारण ती वाचायला आयएलस्पायसुद्धा लागत नाही, नोटपॅड पुरतं. वूकॉमर्सची किल्ली तिच्यात ‘सीके’ या अक्षरांनी आणि तिचं सिक्रेट ‘सीएस’ या अक्षरांनी सुरू होतं. दोन ओळी, उघड्या. फाइल कुठे? प्लगिन बसवणाऱ्याला सोयीचं म्हणून टॅलीच्या डेटा फोल्डरमध्येच. आणि हे फोल्डर बहुतेक पेढ्यांवर सगळ्या पीसींना शेअर केलेलं असतं, ‘एव्हरीवन’ला पूर्ण हक्क देऊन, कारण तसं केलं नाही तर दुसऱ्या पीसीवर टॅली उघडत नाही आणि दिवाणजी ओरडतात. त्याच फोल्डरचा बॅकअप पेनड्राइव्हवर सीएच्या ऑफिसात जातो, मालकाच्या मुलाच्या गूगल ड्राइव्हवर जातो, मार्चअखेरीला आणखी कुठे कुठे जातो. प्रत्येक बॅकअपबरोबर ऑनलाइन दुकानाची किल्लीही फिरून येते आणि त्या प्रवासाची नोंद कुणाकडेही नसते.

जाता जाता त्याच पीसीवरचं आणखी एक उघडं दार सांगतो. टॅलीला बाहेरच्या प्रोग्रॅमशी बोलायला लावलं की ती सहसा 9000 क्रमांकाच्या पोर्टवर एक्सएमएल विनंत्या ऐकते. कंपनी उघडी असली तर नेटवर्कवरचा कुठलाही पीसी तिथून लेजर मागू शकतो, वेगळा पासवर्ड द्यावा लागत नाही. म्हणजे प्लगिनच्या एका टोकाला ऑनलाइन दुकान आणि दुसऱ्या टोकाला पेढीची सगळी वही. घरून टॅली बघता यावी म्हणून राउटरवर हे पोर्ट बाहेर उघडून देणारे महाभागही आहेत. त्यांच्याबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल, तो थोडा कडक असेल.

“चोरून चोरणार काय?” या प्रश्नाचं उत्तर किल्ली कुणाच्या नावानं आणि कुठल्या हक्कानं काढली यावर आहे. वूकॉमर्समध्ये किल्ली काढताना तीन पर्याय येतात: रीड, राइट आणि रीड-राइट. बसवणारा तिसरा निवडतो, कारण त्यानं काही अडत नाही. किल्ली एखाद्या वापरकर्त्याला जोडावी लागते. तो ॲडमिनला जोडतो, कारण लॉगिन त्याच नावानं केलेलं असतं. आता ही किल्ली ज्याच्या हाती आहे त्याला काय काय करता येतं? शंभर टक्के सवलतीचं कूपन काढता येतं. जुन्या ऑर्डरवर रिफंड टाकता येतो, आणि गेटवे तशी सोय देत असेल तर पैसे खरोखर परत जातात. पेमेंट गेटवेच्या सेटिंग्ज वाचता आणि बदलता येतात. ज्या प्लगिनला ऑर्डर वाचायच्या आणि स्टॉकचा आकडा बदलायचा, एवढंच काम होतं, त्याच्या खिशात हे सगळं.

पण खरा माल म्हणजे ऑर्डरींची यादी. नाव, मोबाइल, घरचा पत्ता, काय घेतलं, किती रुपयांना, माल निघाला की नाही. फोनवरच्या ठगाला याहून जास्त काय हवं? “मॅडम, तुमचं सोलापुरी चादरीचं पार्सल पत्त्यात घोळ असल्यामुळे अडकलंय, पाच रुपये भरा, लिंक पाठवतो.” चादर खरी, दिवस खरा, रक्कम खरी, मॅडम लिंक उघडतात. खात्यातून पैसे गेले की त्यांच्या डोक्यात नाव राहतं ते पेढीचं. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरीही बाहेर बनलेल्या मालावर ‘सोलापुरी’ छापून विकणाऱ्यांशी हे शहर वर्षानुवर्षं झगडतंय. आपल्या नावावर दुसऱ्यानं धंदा केला की काय होतं, हे इथल्या मालकांना शिकवायची गरज नसावी.

कायद्याचंही ऐका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. गिऱ्हाइकाचा डेटा सांभाळायची जबाबदारी या कायद्यानं दुकानदारावर टाकली आहे, त्यानं ते काम दुसऱ्या कुणाला दिलेलं असलं तरी. पुरेशी काळजी न घेतल्यामुळे डेटा फुटला तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. एवढा दंड सोलापूरच्या पेढीला होईल असं मी म्हणत नाही, डेटा संरक्षण मंडळ नुकसान आणि परिस्थिती बघूनच रक्कम ठरवेल. पण नोटीस ‘प्लगिनवाल्यानं असं केलं’ या कारणावर परत जाणार नाही.

एचटीटीपीएसबद्दल वर अर्धं बोललो, उरलेलं अर्धं लगेच उरकतो. जुन्या विंडोज 7 च्या पीसीवर सर्टिफिकेटची चूक येते. मग बसवणारा काय करतो? कोडमध्ये सर्टिफिकेट तपासणाऱ्या फंक्शनला ‘नेहमी खरं’ असं उत्तर द्यायला लावतो. चूक येणं थांबतं आणि एचटीटीपीएसचा अर्थही तिथेच संपतो. आता मध्ये बसलेला कुणीही आपणच दुकान आहोत असं सांगू शकतो. दुसरा प्रकार स्वस्त होस्टिंगवरचा. काही सर्व्हर ऑथरायझेशनचं हेडर पुढे पोचवत नाहीत, म्हणून किल्ली आणि सिक्रेट सरळ यूआरएलमध्ये जोडून पाठवतात. वूकॉमर्स ते स्वीकारतं. मग प्रत्येक विनंतीबरोबर ही जोडी सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिली जाते आणि होस्टिंगचा पासवर्ड असलेल्या प्रत्येकाला वाचायला मिळते.

आता ज्यात तथ्य आहे त्या मुद्द्याकडे. “मालकांना झेपत नाही.” ओऑथची रीत अशी: प्लगिनमधलं ‘जोडा’ बटण दाबलं की नेहमीचा ब्राउजर उघडतो, दुकानाच्या स्वतःच्या पानावर मालक लॉगिन करतो, ‘हे प्लगिन ऑर्डर वाचेल आणि स्टॉक बदलेल, चालेल?’ असा प्रश्न येतो, मालक ‘हो’ म्हणतो आणि प्लगिनला टोकन मिळतं. पासवर्ड प्लगिनच्या दृष्टीलाही पडत नाही. यात अडचणी खऱ्या आहेत. मालकाला वेबसाइटचा पासवर्ड आठवत नाही, तो भाच्यानं ठेवलेला असतो. ओटीपी ज्या नंबरावर जातो तो नंबर मुंबईला गेलेल्या मुलाचा. टोकनची मुदत संपते आणि ती नेमकी धनत्रयोदशीला संपते. प्रत्येक अडचणीचा फोन बसवणाऱ्याला येतो आणि वर्षाच्या एएमसीत ते सगळे फोन फुकट घ्यावे लागतात. म्हणजे किल्ली एक्झीत टाकण्यामागे अज्ञानापेक्षा हिशेब जास्त आहे. तो हिशेब मला समजतो. त्याचं खापर मालकाच्या अकलेवर फोडलेलं मात्र मला मान्य नाही.

कारण हेच मालक रोज काय करतात बघा. पेढीच्या पीसीवर व्हॉट्सॲप वेब चालू असतं. ते कसं जोडलं? पीसीवरचा क्यूआर फोननं टिपून. त्यात पीसीला मालकाचा कुठलाही पासवर्ड कळला नाही, आणि दिवाणजी सोडून गेले त्या दिवशी मालकांनी फोनवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन तो पीसी स्वतः काढून टाकला. कुणाला न विचारता. जीएसटीच्या ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलाच्या पोर्टलवर दुहेरी पडताळणी आली: 1 जानेवारी 2025 पासून 20 कोटींवर उलाढाल असलेल्यांना, 1 फेब्रुवारीपासून 5 कोटींवरच्यांना, 1 एप्रिलपासून सगळ्यांना. पहिले काही दिवस आरडाओरड झाली. मग पेढ्यांनी आपापली व्यवस्था लावली आणि ट्रक निघायचे थांबले नाहीत. यूपीआयचं तर बोलायलाच नको. ज्या शहरात घरात तेलुगू, गिरणीत मराठी आणि अक्कलकोट रोडच्या गिऱ्हाइकाशी कन्नड असा कारभार चालतो, तिथल्या माणसाला ‘परवानगी द्या’ हे बटण झेपत नाही म्हणणं हा बसवणाऱ्याचा आळस आहे. पान मराठीत करा, ‘ऑर्डर वाचेल, पैसे परत करू शकणार नाही’ असं सरळ लिहा आणि टोकनची मुदत संपायच्या आठवडाभर आधी प्लगिनमध्ये सूचना दाखवा. वालचंद किंवा ऑर्किड कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोरांना हे लिहिता येतं. मागणाराच नाही, म्हणून कुणी लिहीत नाही.

तांत्रिक बाजूही अवघड राहिलेली नाही. सप्टेंबर 2015 च्या आरएफसी 7636 मध्ये पीकेसीई नावाची युक्ती आहे, लोक तिला पिक्सी म्हणतात. प्लगिन दर वेळी एक नवा, लांबलचक यादृच्छिक मजकूर तयार करून स्वतःजवळ ठेवतं आणि परवानगी मागताना त्याचा फक्त हॅश पाठवतं. ब्राउजरमधून परत आलेला कोड टोकनमध्ये बदलून घेताना मूळ मजकूर दाखवावा लागतो. कोड मध्येच कुणी पळवला तरी मजकूर त्याच्याकडे नसतो, त्यामुळे कोड वाया जातो. इथे एक्झीत कायमचं असं काहीच लपवावं लागत नाही. ब्राउजर नसलेल्या किंवा अडचणीच्या जागी डिव्हाइस कोडची पद्धत आहे, आरएफसी 8628, ऑगस्ट 2019 ची: पडद्यावर छोटा कोड दिसतो, मालक तो फोनवर टाकून परवानगी देतो. मात्र प्लगिनच्या पोटातच छोटी खिडकी उघडून त्यात लॉगिन करून घ्यायची हौस सोडा. त्या खिडकीत टाइप केलेला पासवर्ड प्लगिनला वाचता येतो, आणि गूगल तर अशा खिडकीतून लॉगिन होऊच देत नाही.

यावर हुशार प्रतिपक्षी विचारेल, “मग ओऑथवाल्यांच्या चोऱ्या होत नाहीत का?” होतात, आणि अगदी या विषयाच्या जवळच्या होतात. कंपन्यांच्या ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेल्सफोर्सचं डेटा लोडर हे पीसीवर चालणारं साधन आहे. गूगलच्या सुरक्षा पथकानं जून 2025 मध्ये उघड केलं, की चोर कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना आयटी विभागातून बोलतोय असं सांगून फोन करत आणि बदललेल्या डेटा लोडरला त्यांच्याच हातून परवानगी देववत. गूगलची स्वतःची एक सेल्सफोर्स नोंदवहीही त्यात सापडली. ऑगस्ट 2025 मध्ये सेल्सलॉफ्टच्या ड्रिफ्ट या ॲपजवळची ओऑथ टोकन चोरीला गेली आणि गूगलच्या अंदाजानं 700 हून अधिक संस्थांच्या डेटावर हात पडला. क्लाउडफ्लेअर, झीस्केलर, पालो अल्टो नेटवर्क्स ही सुरक्षा विकणारी मंडळीही त्यात होती.

ही उदाहरणं माझ्या बाजूची आहेत, असं मी म्हणतो. पहिल्यात माणूस फसला. फोनवर बोलणाऱ्याच्या सांगण्यावरून ‘हो’ दाबू नका, हे मालकांना सांगावंच लागेल, ओटीपीबद्दल सांगतो तसंच. दुसऱ्यात काय झालं ते नीट बघा. 20 ऑगस्टला सेल्सलॉफ्ट आणि सेल्सफोर्स यांनी ड्रिफ्टची सगळी टोकन एका झटक्यात रद्द केली. कुठल्या ॲपच्या नावानं, कुठल्या तारखेला, काय वाचलं गेलं, हे लॉगवरून शोधता आलं. टोकनवर नाव होतं, हक्क लिहिलेले होते आणि ती मारता येत होती, म्हणून हे जमलं. एकच सिक्रेट एक्झीत घालून शहरभर वाटणाऱ्याला यातलं काय करता येईल? तो आपला पेनड्राइव्ह घेऊन पेढ्यांचे जिने चढत असेल.

माझ्या बाजूचीही एक अडचण सांगून टाकतो, नाहीतर प्रतिपक्षी सांगेल. सगळी दुकानं पीसीवरच्या ॲपला सोयीचं दार देत नाहीत. शॉपिफायच्या ॲडमिन एपीआयसाठी कोडचं टोकन करताना क्लायंट सिक्रेट लागतंच. वूकॉमर्सची आपोआप किल्ली देण्याची सोय ती किल्ली एचटीटीपीएस पत्त्यावरच पाठवते, पीसीकडे असा पत्ता नसतो. अशा ठिकाणी बनवणाऱ्यानं मध्ये स्वतःचा सर्व्हर ठेवावा, सिक्रेट तिथे ठेवावं आणि प्रत्येक पीसीला त्या सर्व्हरचं वेगळं, कधीही रद्द करता येईल असं टोकन द्यावं. मग तो सर्व्हर सांभाळण्याची जबाबदारी त्याची; ड्रिफ्टची गोष्ट त्यानं भिंतीवर चिकटवून ठेवावी. ज्याला सर्व्हर झेपत नाही, त्यानं वूकॉमर्समध्ये प्लगिनसाठी वेगळा, कमी हक्कांचा वापरकर्ता करावा, त्याच्या नावानं प्रत्येक पीसीची वेगळी किल्ली काढावी आणि ती मालकासमोर हातानं टाकावी. एक्झीत काहीही नको. पीसीवर टोकन ठेवायला विंडोजमध्येच डीपीएपीआय आहे, विंडोज 2000 पासून. त्यानं जपलेली फाइल दुसऱ्या पीसीवर नेली की उघडत नाही, म्हणजे बॅकअपबरोबर फिरणारी किल्ली निदान तिथे थांबते. त्याच पीसीवर, त्याच लॉगिनमध्ये व्हायरस शिरला तर डीपीएपीआयही काही करू शकत नाही. अशा वेळी नुकसान त्या एका टोकनच्या हक्कांइतकंच होतं, आणि ते टोकन मालक फोनवरून मारू शकतो.

तेव्हा मालकहो, आणि वेबसाइट सांभाळणाऱ्या वहिनींनो, प्लगिनवाल्याला एवढंच विचारा: “माझ्या पेढीवरच्या एका पीसीचा प्रवेश मला आत्ता, तुम्हाला फोन न करता, बंद करायचा आहे. कसा करू?” उत्तर द्यायला तो अडखळला तर एएमसीचा चेक रोखून ठेवा. आणि आज दुकान बंद करायच्या आधी वूकॉमर्समध्ये सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, रेस्ट एपीआय असं जाऊन किल्ल्यांची यादी उघडा. प्रत्येक किल्लीपुढे ती कुणाच्या नावानं आहे, कुठल्या हक्कांची आहे आणि शेवटची कधी वापरली गेली ते लिहिलेलं असतं. जी कुणाची ते तुम्हाला सांगता येत नाही, ती रद्द करा. उद्या सकाळी ज्याचं प्लगिन बंद पडेल, त्याचा फोन येईलच.